श्रीमंतरावांनी दोनशे जीबी पेरली

आईबाप नाव ठेवताना पोराच्या नशिबाची थट्टा करतात, याचा पुरावा म्हणून नांदेड जिल्ह्यातला एकच माणूस दाखवायचा झाला, तर मी श्रीमंतरावांना पुढे करीन. त्यांच्या गावाचं नाव सांगत नाही. नायगावपासून नऊ किलोमीटरवर आहे एवढं पुरे. त्यांचा धाकटा भाऊ सुदर्शन वाचतो, आणि वाचल्यावर फोन करतो.

श्रीमंतराव जनावरांच्या दवाखान्यात परिचर होते. डॉक्टर गायीच्या मागच्या बाजूला काम करत असतो तेव्हा पुढच्या बाजूला शिंगं धरून जो उभा राहतो, तो परिचर. हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं आणि तीन बरगड्या सरकारजमा केल्या. स्वभाव असा की एसटीत कुणी नुसतं त्यांच्या जागेकडे बघितलं तरी म्हणायचे, "बसा, बसा, मला उतरायचंच हाय." आणि खोटं ठरू नये म्हणून पुढच्या थांब्याला खरंच उतरायचे.

असा मोठा भाऊ लाभल्यावर धाकट्याचं भलं होणारच. सुदर्शन दर नांगरटीला दोघांमधला बांध हातभर श्रीमंतरावांच्या रानात ढकलतो. वाटणी झाली तेव्हा एक बोरीचं झाड श्रीमंतरावांच्या हद्दीत होतं. आज ते सुदर्शनच्या रानाच्या मधोमध उभं आहे. "बोर सरकली," असं श्रीमंतराव सांगतात, आणि सांगताना बोरीवरच जरा नाराज दिसतात.

एकच गोष्ट त्यांनी कुणाला दिली नव्हती. ती म्हणजे लाल कंधारी गायींची वंशावळ. एकतीस गावांत बावीस वर्षं कोणती गाय कधी व्याली, तिची आई कोण, आजी कोण, वळू कुणाचा, कालवडीची शिंगं कुठं वळली, हे सगळं त्यांनी टिपून ठेवलं होतं. माणसांची सोयरीक जुळवणाऱ्याला मुलीची पणजी विचारली तर तो चहा मागवतो. श्रीमंतराव गायीची खापरपणजी सांगायचे, आणि ती लाथ मारायची का हेही सांगायचे. वह्यांना वाळवी लागली तेव्हा त्यांनी उरलेलं सगळं कंप्युटरवर उतरवलं. एका बोटानं. चार वर्षं.

आणि आता त्याचं पुस्तक निघणार होतं. पूर्वी याच दवाखान्यात असलेले डॉक्टर दयानंद बदलून लातूरला गेले होते, तिथल्या एका संस्थेला त्यांनी हे काम सुचवलं. सोमवारी साहेबलोक येऊन माहिती घेऊन जाणार होते. पुस्तकावर छापणार होते, "संकलन: श्रीमंतराव". आजवर त्यांचं नाव एकदाच छापून आलं होतं, मतदार यादीत, आणि तेही "श्रीमती" असं. त्यामुळे ते महिनाभर गावात ज्याला त्याला सांगत होते, "सोमवारी या. चहा हाय."

आता कंप्युटरविषयी. तो दोघा भावांत मिळून एक होता. तो ठेवला होता पुढच्या खोलीत, आणि तिथे सुदर्शन लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचा. सुदर्शनला विंडोज हवं होतं. डॉक्टर दयानंदांनी मात्र श्रीमंतरावांसाठी त्यातच दुसरीकडे लिनक्स बसवून दिलं होतं, व्हायरस नको म्हणून. त्यामुळे कंप्युटर चालू केला की तो आधी विचारायचा, कुणाच्या घरात जायचं? पाचशे जीबीच्या डिस्कचे दोन तुकडे होते. वाटणीच्या वेळी सुदर्शन हजर होता, म्हणून त्याला तीनशे आणि थोरल्याला दोनशे.

"ह्या तुकड्यांना पार्टिशन म्हणतात," असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा श्रीमंतरावांच्या पत्नी विठाबाई दारातून म्हणाल्या, "म्हंजी वाटणीच की."

त्या दिवसापासून त्या घरात पार्टिशनला वाटणीच म्हणू लागले. शब्द अगदी बरोबर होता. इतका बरोबर शब्द मिळाला की माणूस पुढचा विचार करत नाही.

सोमवारच्या आधीच्या मंगळवारी, भरदुपारी, सुदर्शनची वाटणी भरली. नऊ वर्षांचे पिक्चर, वरातीची गाणी आणि अख्ख्या गावाची आधारकार्डं तिच्यात कोंबलेली होती. त्यानं कुठूनतरी एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्यात डिस्कचा नकाशा दिसायचा, आणि दोन वाटण्यांमधली रेघ माउसनं धरून सरकवता यायची. जन्मभर जे नांगरानं केलं ते बसल्या जागी, सावलीत, पंख्याखाली करायची सोय! सुदर्शननं रेघ धरली आणि चाळीस जीबी आत ढकलली. "काम चालू असताना वीज बंद करू नये," असं पडद्यावर आलं. वीज इंग्रजी वाचत नाही. ती दुसऱ्याच मिनिटाला गेली. युपीएसची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच वारली होती.

वीज आली तेव्हा पडदा काळा होता आणि त्यावर इंग्रजी दोन शब्द लुकलुकत होते. ना विंडोज, ना लिनक्स. सुदर्शननं घरात हाक मारली, "आण्णा, कंप्युटर तुमच्या बाजूनं बिघडला बघा!"

बुधवारी दोघे भाऊ सीपीयू घोंगड्यात गुंडाळून एसटीनं नांदेडला गेले. आनंदनगरात बुद्धप्रियाचं दुरुस्तीचं दुकान आहे. बाई तिशीची, कामात वाकबगार आणि बोलायला सरळ. तिनं विचारलं, "काय झालं?"

"काई न्हाई ताई," सुदर्शन म्हणाला, "खुद बंद पडलं."

"खुद?"

"वाटणीला जरासा हात लागला होता."

"कुणाचा?"

सुदर्शन पंख्याकडे बघू लागला. श्रीमंतराव म्हणाले, "लागतो ताई कधीमधी. लहान हाय त्यो." लहान त्रेपन्न वर्षांचा होता.

तासाभरात तिनं विंडोज चालू करून दिलं. मग नकाशा उघडला. सुदर्शनच्या भागावर निळी पट्टी होती. श्रीमंतरावांच्या दोनशे जीबीवर काळी पट्टी, आणि खाली लिहिलेलं की ही जागा कुणाच्याच नावावर नाही.

श्रीमंतराव खुर्चीत बसले. खरं तर खुर्ची त्यांच्या खाली आली. "ताई, बावीस वर्षं व्हती त्यात."

"काका, घाबरू नका. फक्त नोंद पुसलीय. आतलं सगळं जागच्या जागी आहे."

"म्हंजी सातबारा फाटला, पण रान जाग्यावर हाय?"

"अगदी बरोबर. आणि पीकही उभं आहे." तिनं दुसरा एक प्रोग्रॅम चालवून त्या काळ्या पट्टीच्या आत काय आहे त्याची यादी पडद्यावर आणली. गावोगावच्या फाइली खाली खाली सरकू लागल्या. श्रीमंतरावांनी टोपी काढली आणि पडद्याला नमस्कार केला.

"पण आत्ता लगेच काढत नाही," बुद्धप्रिया म्हणाली. "आधी अख्ख्या डिस्कची नक्कल करायची, मग नकलेवर काम. काही चुकलं तर मूळ शाबूत राहतं. मोठी डिस्क हैदराबादहून शुक्रवारी येतेय. मशीन इथंच ठेवून जा."

"शुक्रवारी फॉर्मची शेवटची तारीख हाय!" सुदर्शन ओरडला. "गाव जोड्यानं मारंल मला. आण्णा, सांगा की यांना."

आण्णांनी सांगितलं. सुदर्शनच्या बाजूनंच सांगितलं. "न्हेऊ द्या ताई त्याला. लोकांची कामं अडतेत. शनिवारी आणतो परत."

बुद्धप्रियाला हे पटलं नाही. तिनं सीपीयूवर चिकटपट्टी लावली, तिच्यावर पेननं लिहिलं, आणि तेच तोंडानंही सांगितलं. "खाली जागा खालीच राहिली पाहिजे. एक अक्षर लिहायचं नाही तिच्यात. कळलं?"

"हाव," दोघे म्हणाले. दोघांना वेगवेगळं कळलं होतं.

गुरुवारी दुपारी सुदर्शन फॉर्म भरत बसला होता. दोन फॉर्मच्या मध्ये त्यानं नकाशा उघडला, सहज, जसं कुणी बांधावर जाऊन उभं राहतं.

"आण्णा, या. तुमच्या वाटणीला काळी जमीन आली बघा. नंबर एक माती." फॉर्मला आलेली माणसं हसली. "खाली पडलीय निस्ती. मला 'एक्स्टेंड' म्हणून विचारायलंय. दाबू का?"

"नको रे. त्या ताई काय म्हणल्या?"

"आत्ता न्हाई दाबत. तुमचं एकदा निघालं की दाबतो. तुम्हाला एवढी लागती कशाला? गायींचं काय, कुठंबी बसतेत." माणसं पुन्हा हसली. श्रीमंतरावही हसले, कारण सगळे हसत होते. मग सुदर्शन कागद घेऊन नायगावला गेला आणि खोली रिकामी झाली.

विठाबाई आतून आल्या. हात पिठाचे होते.

"ऐकलंव का? बोर गेली तशी हीबी जाणार."

"अगं, आपलं पीक हाय त्यात. शनिवारी निघतंय."

"शनिवारपत्तर त्यो थांबंल? बांध कोरताना विचारलं व्हतं का त्यानं? पडीक दिसतंय म्हून नांगर घालायलाय."

"ताई म्हणल्या हात लावू नका."

"दुसऱ्यानं लावू ने म्हून म्हणल्या असतील. मालकानं मालकाच्या रानात जायला कुणाची परवानगी लागती? तिथं पेरा दिसू द्या. पेरा दिसला, नाव लागलं, की ताबा तुमचा. तलाठीबी तेच बघतो." दाराशी जाऊन त्या वळल्या. "जलमात एकदा तरी आपल्या जाग्यावर बसा."

श्रीमंतराव त्या रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं उभे होते. बुद्धप्रियाचं बोलणं त्यांना आठवत होतं. उभं पीक आहे, हे तर नक्की आठवत होतं. पण उभ्या पिकात पेरलं तर ते मरतं, असं त्यांनी एकसष्ट वर्षांत कुठं पाहिलं नव्हतं. सोयाबीनमध्ये तूर पेरतात. सोयाबीन आपलं निघतं, तूर आपली निघते. ओळी सांभाळल्या म्हणजे झालं.

ते खुर्चीवर बसले. काळ्या पट्टीवर त्यांनी माउसचं उजवं बटण दाबलं. कंप्युटरनं इंग्रजीत एकामागून एक प्रश्न विचारले. ज्या माणसानं आयुष्यात कुणालाही नाही म्हटलं नव्हतं, तो कंप्युटरला कशाला म्हणेल? त्यांनी सगळ्यांना होकार दिला. शेवटी त्यानं नाव विचारलं. श्रीमंतरावांनी एकेक अक्षर शोधून आपलं नाव घातलं. पट्टी निळी झाली, आणि तिच्यावर आलं: श्रीमंत.

त्यांनी विठाबाईंना हाक मारून दाखवलं. दोघंही थोडा वेळ बघत राहिली.

आता पेरायचं काय? सुदर्शनच्या बाजूला श्रीमंतरावांच्या मुलीच्या, शिल्पाच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवलेला होता. अठ्ठावीस जीबी. त्यांनी तो उचलून आपल्या वाटणीत नेऊन टाकला. पण पाहतात तो रानाचा जेमतेम एक तुकडा भरलेला, बाकी सगळं पांढरं फटक. तिथून सुदर्शन शिरणार हे त्यांना दिसलंच. म्हणून त्यांनी लग्न पुन्हा टाकलं. मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत त्यांनी शिल्पाचं लग्न सात वेळा लावलं. सात वेळा जावई रुसले, सात वेळा मामांनी समजूत घातली. रान बांधापासून बांधापर्यंत भरलं तेव्हाच ते उठले.

सुदर्शन परत आला तेव्हा श्रीमंतराव दारातच उभे होते. "दाब आता एक्स्टेंड," ते म्हणाले.

सुदर्शननं नकाशा पाहिला. नाव पाहिलं. त्यानं बटण दाबून पाहिलं, आणि ते दबेना. धाकटा भाऊ बांधावर अडलाय, हे दृश्य श्रीमंतराव पहिल्यांदाच बघत होते. त्या संध्याकाळी ते गावातून मधोमध चालत फाट्यापर्यंत गेले आणि उगीचच परत आले.

शनिवारी आनंदनगरात बुद्धप्रियानं नवी डिस्क काढून ठेवली होती. तिनं मशीन चालू केलं, नकाशा उघडला, आणि हात बाजूला घेतला.

"काका, हे काय आहे?"

"नाव लावलं."

"आणि आत?"

"पेरलं. पण तुमी दावलेलं पीक तसंच हाय खाली. आंतरपीक घेतलंय म्या."

दुपारपर्यंत तिनं शोधलं. तिला रागावता आलं असतं, पण समोरचा माणूस इतक्या आशेनं बसला होता की रागवायची तिला लाज वाटली असावी. शेवटी तिनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "काका, इथं मातीत माती मिसळत नाही. जिथं नवीन बसतं तिथलं जुनं जातं. एकदाच पेरलं असतंत ना, तर पुष्कळ काढून दिलं असतं मी."

"सात डाव पेरलं ताई."

"हो. दिसतंय."

"काईच न्हाई?"

अगदी शेवटच्या कोपऱ्यात, लग्न न पोचलेल्या जागेत, अकरा फोटो सापडले होते. त्यांची नावं गेली होती. तीन गायी समोरून, पाच बाजूनं, आणि उरलेल्या तिघींच्या नुसत्या शेपट्या. श्रीमंतरावांनी एका शेपटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही बरबड्याची कवळी." मग ते कुणाकडेच न बघता घोंगड्याची घडी घालत बसले.

सुदर्शन सोबत आलाच होता. परतीच्या एसटीत त्यानं अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं सांगितलं, "म्या रेघच सरकवली व्हती. पुसलं आण्णांनी सोता." आणि हे खरं होतं. त्यामुळे त्याचं मन अगदी साफ झालं.

सोमवारी साहेबलोक आले. चहाला बोलावलेलं गावही आलं. त्यांच्याबरोबर आलेल्या डॉक्टर दयानंदांना फोनवर कळलं होतं, त्यांचा चेहरा उतरला होता. संस्थेचे साहेब मात्र वेळेचे पक्के होते. श्रीमंतराव पांढऱ्या धोतरात समोर बसले आणि त्यांनी पाठ म्हणायला सुरुवात केली. कवळीची आई तांबडी, तांबडीची आई रोहिणी, वळू लोह्याचा, पोळ्याच्या आदल्या दिवशी व्याली. अर्धा तास ते थांबले नाहीत. गाव ऐकत राहिलं.

"वा," साहेब म्हणाले. "फार छान. पण काका, तोंडी कसं छापणार? लेखी पाहिजे. तारीख पाहिजे. कुठं काही कागद?"

"कागद हाय की," सुदर्शन म्हणाला.

तो आत जाऊन एक लॅमिनेट केलेली यादी घेऊन आला. तीन वर्षांपूर्वी माळेगावच्या जत्रेत कालवडी विकायच्या होत्या, तेव्हा त्यानं आण्णांकडून शेहेचाळीस जनावरांची वंशावळ मागून घेतली होती आणि वर आपलं नाव, फोन नंबर आणि गॉगल घातलेला फोटो टाकला होता. तारखा होत्या. आयांची नावं होती. साहेबांनी यादी उलटीपालटी करून पाहिली. हजारोंऐवजी शेहेचाळीस, पण लेखी. "हे चालेल," ते म्हणाले. "नाव काय आपलं?"

डॉक्टर दयानंद मध्ये पडले. "साहेब, हे मूळ काम थोरल्यांचं आहे."

"असेल हो. पण माझ्या हातात जे आहे त्यावर यांचं नाव आहे."

सगळ्यांनी श्रीमंतरावांकडे पाहिलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की हे माझं आहे. गाव साक्षीला बसलं होतं. त्यांनी चष्मा लावला, यादी जवळ घेतली, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हे चुकलंय," ते म्हणाले. "नवव्या ओळीत. मैनाची आई चंद्री नव्हं. चंद्री तिची मावशी. आन् चौदावीत वळू चुकलाय. सुदर्शन, लिहून घे रे."

सुदर्शननं पेन काढलं. श्रीमंतरावांनी सहा चुका काढून दिल्या, आणि प्रत्येक चूक दुरुस्त झाल्यावर मान हलवली. विठाबाई दारातून आत निघून गेल्या.

मग बाहेर फोटो झाला. पुस्तकाला फोटो लागतोच. सुदर्शन फेटा बांधून गायीजवळ उभा राहिला, पण गाय अनोळखी माणसाजवळ थांबेना. तेव्हा साहेब म्हणाले, "काका, जरा दोरी धरा." श्रीमंतरावांनी शिंगाजवळ हात ठेवला, गायीशी काहीतरी बोलले, आणि ती उभी राहिली.

चार महिन्यांनी लातूरहून पुस्तक आलं. तिसऱ्या पानावर तो फोटो आहे. फेटा आला आहे, गाय पूर्ण आली आहे, आणि डाव्या कडेला एक हात मनगटापर्यंत आला आहे. श्रीमंतरावांनी दुपारी ओसरीत बसून पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि सुदर्शनला निरोप धाडला, गायींमध्ये एकही चूक नाही.